पिवळ्या तांदळाचं आवतण

१

नाशकात इंदिरानगर म्हणून वस्ती आहे. तिथल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, एक होता शेखर, एक होती त्याची बायको पूजा, आणि दोघांची मिळून एकच मुलगी, तेजस्विनी. शेखरला कधीकाळी चांगली नोकरी होती. ती त्याने मुदतीआधी सोडली आणि लेखक झाला. झाला म्हणजे काय केलं, तर गॅलरीकडची हवेशीर खोली अडवली, तिच्यात टेबल टाकलं आणि सकाळी सातला दार लावून घ्यायला लागला. आत पंखा फिरायचा, बाहेर पूजा डबे भरायची. ती शाळेत गणित शिकवायची. साडेअकराला शाळा सुटून ती घरी यायची, तोवर लेखकमहाराजांचे तीन चहा आणि अर्धं पान झालेलं असायचं. त्यातलंही निम्मं दुसऱ्या दिवशी खोडलं जायचं.

अशी तीन वर्षं गेली आणि कादंबरी झाली. 'कड्याआडची प्रीत'. पेठच्या पलीकडच्या डोंगरातली, दीडशे वर्षांपूर्वीची, प्रेमाची. शेखरने पेठ पाहिलं होतं ते एकदाच, वलसाडला कुणाच्या तरी लग्नाला जाताना, गाडीच्या काचेतून. तेही अर्धवट झोपेत.

गोष्ट त्याची नव्हतीच मुळी. ती नवसाबाईची. नवसाबाई त्यांच्याकडे धुणंभांडी करायची, पेठच्या खालच्या अंगाच्या एका पाड्यावरची बाई. भांडी घासता घासता ती एकदा बोलून गेली, की आमच्याकडे कुसा आणि गोटीराम म्हणून दोघं होते, लग्नावाचून मेले, त्यांची नावं आम्ही लग्नात घेत नाही. शेखरने लगेच वही आणली. नवसाबाईला वाटलं साहेब हिशोबाला बसले. तिने आणखी चार वाक्यं सांगितली आणि गप्प झाली. त्या चार वाक्यांची यांनी तीनशे पानं केली.

खरी कुसा लाकडं तोडायची आणि नागली लावायची. गोटीरामच्या घरात ती दोन वर्षं नांदत होती. त्या डोंगरात तशीच रीत. आधी संसार करायचा, मग कणगीत दाणा साठला की लग्न लावायचं. दाणा साठायच्या आत मरी आली आणि एका आठवड्यात दोघं गेली. आता हगवणीने मेलेली माणसं प्रेमाच्या कादंबरीत चालतात होय? शेखरने गोटीरामला किल्ल्यावरचा शिलेदार केला. कुसाच्या केसात फुलं खोवली, तिला धबधब्याखाली उभी केली आणि शेवटी दोघांना हातात हात घालून कड्यावरून खाली सोडलं. बोलणं तर असं, की बाई जन्मभर पुण्यात राहून सुट्टीपुरती डोंगरात आली असावी. सगळं खोटं. नावं तेवढी खरी ठेवली. का, तर म्हणे अस्सल वाटतात.

२

नुसती कादंबरी काढून माणूस गप्प बसला असता तर ही गोष्टच झाली नसती. पण त्याला प्रकाशनाचा थाट सुचला.

पत्रिका काढायची, ती लग्नाची. वर गणपती, खाली 'चि. सौ. कां. कुसा आणि चि. गोटीराम यांचा शुभविवाह', रविवार, दुपारी बारा वाजून पस्तीस मिनिटं, आणि अगदी तळाला मुंगीएवढ्या अक्षरात, की हा एका कादंबरीचा प्रकाशनसोहळा आहे. आत पिवळ्या तांदळाची पुडी चिकटवलेली. व्यासपीठावर अंतरपाट धरायचा, मंगलाष्टकं म्हणायची, अंतरपाट खाली आला की वधू हातात पुस्तक घेऊन उभी. ती वधू कोण, तर तेजस्विनी. चोवीस वर्षांची पोर, बापाचं मन मोडवेना म्हणून तयार झाली. पत्रिकेवर फोटोही तिचाच. लुगडं नेसलेली, तोंडाला आणि तळहातांना हळद. हळद खरी वाटून लावली. खोटी कॅमेऱ्याला कळते, असं शेखरचं मत.

दोनशे घरी पत्रिका गेल्या. एक त्याने मोठ्या कौतुकाने नवसाबाईपुढे धरली. तिने हात मागे घेतले. साबणाचे हात, म्हणून असेल, असं पूजाला वाटलं.

"ताई," नवसाबाई म्हणाली, "त्या दोघांच्या नावानं तांदूळ वाटलं?"

पूजाने हो म्हटलं. मग नवसाबाईने सांगितलं ते असं. त्यांच्या पाड्यावर लग्न निघालं की म्हाताऱ्या बाया आधी घरातल्या मेलेल्या माणसांची नावं घेतात. एकेक नाव घ्यायचं, पानावर चिमूटभर पिवळा तांदूळ ठेवायचा, म्हणजे त्याला आवतण गेलं. पण जो लग्नावाचून मेला त्याचं नाव गाळायचं. पिवळा तांदूळ आपल्या नावाने पडला की त्याला वाटतं, हे आपलंच लग्न. आणि तो आपलं गणगोत घेऊन निघतो.

एवढं बोलून तिने अर्धी भांडी तशीच ठेवली, चपला घातल्या आणि गेली. शेखर हसला. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत हे घालायला हवं, म्हणाला. पहिलीचे गठ्ठे अजून सुतळीत होते.

३

सोमवारी पूजा शाळेतून आली तेव्हा फाटकापाशी पहारेकरी गोरक्ष माठ भरत होता. सायखेड्याचा माणूस, बोलायला मोकळा. त्याने विचारलं, "मॅडम, तुमच्याकडं लगीन हाय ना? पाव्हणे येऊन बसलेत सकाळपासून."

कुठे, म्हणून तिने पाहिलं. फाटकाबाहेर कडुनिंबाची सावली होती आणि सावलीत कोणी नव्हतं. गोरक्षने मान वळवली, डोळे बारीक केले आणि म्हणाला की आत्ता तर होते. लय पाणी पितात, तिसऱ्यांदा माठ भरतोय. बोलत काही नाहीत. म्हटलं वर जा, तर नुसते बघतात.

उन्हाने माणसाला काहीबाही दिसतं, हे पूजाला ठाऊक होतं. वैशाखातलं ऊन, बारा तासांची पाळी. तिने त्याला लिंबाचं सरबत पाठवलं.

मंगळवारी ती वाहनतळातून चालली होती. मधली जागा मोकळी होती, रोज तिथे दोन स्कूटर असायच्या, त्या कुणीतरी कडेला सरकवल्या होत्या. समोरून वरच्या मजल्यावरच्या काकू भाजी घेऊन आल्या. सरळ यायच्या तर त्या भिंतीकडे वळल्या, पदर आवरून घेतला आणि अंग चोरून कडेकडेने पुढे आल्या. मागून एक पोरगा सायकल हातात धरून आला, तोही तसाच. कुणी काही बघत नव्हतं. लग्नाच्या मांडवात पंगत बसलेली असली की माणसं जशी जातात, तशी जात होती.

पूजाला हसू आलं. मग तिने खाली पाहिलं. आपणही भिंतीला चिकटून उभ्या आहोत आणि साडीचा काठ मुठीत धरलाय, हे तिला तेव्हा कळलं.

४

तेजस्विनीची हळद निघत नव्हती.

फोटोला आठ दिवस झाले होते. आधी तिघांनीही थट्टाच केली. साबण झाला, बेसन झालं, लिंबू झालं. बुधवारी सकाळी तेजस्विनीने बाही वर केली. तळहाताची हळद कोपरापर्यंत आली होती. डागासारखी नव्हे, कुणी नीट, सगळीकडून सारखी चोळून लावावी तशी. गळ्याखालीही उतरली होती. आणि वास ताजा. ओल्या, नुकत्या वाटलेल्या हळदीचा.

पूजा गणिताची बाई. तिने मुलीला दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, डोळे पाहिले. कावीळ नाही, काही नाही. मलम मिळालं. परत येताना ती मनाशी मांडत होती, की हळदीचा रंग, घाम, उन्हाळा, कातडी नाजूक. सगळं मांडून झालं तरी उत्तर जुळेना. रंग पसरायचा तर फिका व्हायला हवा. हा गडद होत होता.

त्या दुपारी तेजस्विनी ताटावर बसली आणि तिने मीठ मागितलं नाही, लोणचं मागितलं नाही, एक शब्द बोलली नाही. नवऱ्या मुलीसारखी मान खाली घालून जेवली. मग म्हणाली, "आई, जिन्यावर एवढी माणसं उन्हातून आलीत. त्यांना आत का घेत नाही गं आपण?"

शेखर आपल्या खोलीत भाषण पाठ करत होता.

५

शुक्रवारी पूजा जिना उतरू शकली नाही. वाट अडलेली नव्हती. पायऱ्या रिकाम्या होत्या, स्वच्छ होत्या. पण पाय टाकायला जागा नव्हती. विडीचा आणि सागाच्या धुराचा वास होता, आणि उन्हातून लांब चालून आलेल्या अंगांचा. तिने शाळेत रजा कळवली, दार लावलं आणि नवसाबाईला फोन लावला.

नवसाबाईला काही नवल वाटलं नाही. किती वर आलेत, एवढंच विचारलं.

"दारापाशी," पूजा म्हणाली. "माझ्या मुलीला सोडवा, नवसाबाई."

"आवतण गेलं, वऱ्हाड आलं. आता लगीन व्हायाचं, ताई. हळद जिच्या अंगाला ती नवरी."

"ती माझी मुलगी आहे."

"कुसा बी कुनाची तरी व्हती." फोनमध्ये कोंबड्यांचा आवाज येत होता. "तिच्या बाजूनं उभं राहायला आता कोन बी नाय. म्हून तर त्यांनी तुमची पोर धरली. साहेबानं पत्रिका काढली ना? मंग साहेबानंच बाप व्हावं. तिला लेक म्हनून हाक मारावी, ती कोन व्हती ते सांगावं, खरं खरं. मंग ती सोता यील नवरी व्हाया."

पूजाने नवऱ्याला खोलीतून ओढून आणलं. तो आधी चिडला, मग त्याला ती कल्पना आवडली. कुसा ही माझी मानसकन्याच आहे, असं म्हणत तो बंद दारापुढे उभा राहिला, घसा साफ केला आणि बोलला, "सह्याद्रीच्या कुशीतली ती अवखळ रानकन्या, जिच्या नेत्रांत..."

दारापलीकडे कुणीतरी हसलं. मोठ्याने नव्हे. पुष्कळ बाया तोंडाला पदर लावून हसतात, तसं. हसू दारापासून सुरू झालं आणि जिन्याने वळण घेत खालपर्यंत गेलं. वाहनतळापर्यंत गेलं.

शेखर पांढरा पडला. शेजारचा टीव्ही आहे, असं म्हणाला, आणि खोलीत जाऊन कडी लावून बसला. त्या रात्री तो लवकर झोपला. तीन वर्षं दुसऱ्याच्या बायकांची सुखदुःखं लिहिणारा माणूस, स्वतःच्या मुलीच्या अंगावरची हळद बघायला एकदा उठला नाही.

६

शनिवारी हळद तेजस्विनीच्या पायांवर उतरली. फक्त पावलं उरली होती. ती पलंगावर पडून होती, अंगात ताप नव्हता, पण डोळे उघडत नव्हती. उद्या नेसायचं लुगडं मात्र तिने घडी घालून उशाशी ठेवलं होतं.

पूजा रात्रभर नव्हे, पण रविवारी सकाळी चहा उकळेपर्यंत विचार करत होती. गणिताला उत्तर नसेल तर मांडणी चुकलेली असते, असं ती पोरांना सांगायची. चहा उतू गेला तेव्हा तिला मांडणी सापडली. थोरलीच्या आधी धाकटीला कुणी हळद लावत नाही. डोंगरात नाही, शहरात नाही.

तिने नवसाबाईला फोन करून सांगितलं.

"आसं म्हनलात," नवसाबाई म्हणाली, "तर ते कायमचं हाय. लगीन लावून मोकळं नाय होता येत. लेक म्हंजी लेक. माहेर म्हंजी माहेर."

"चालेल," पूजा म्हणाली.

शेखर नवा झब्बा घालून सभागृहाकडे निघाला. दार उघडताना त्याने डोळे मिटून घेतले होते, ते तिने पाहिलं. जिन्यावर तोही कडेकडेनेच गेला. मुलीला बरं नाही, ती येणार नाही, असं तिने त्याला सांगितलं होतं. त्याची चिंता एवढीच, की मग अंतरपाटामागे कोण उभं राहणार.

सव्वाबाराला पूजाने तेजस्विनीच्या खोलीला बाहेरून कडी घातली. पलंगपोस घेतला, मूठभर पिवळा तांदूळ घेतला, घराचं दार सताड उघडलं आणि उंबऱ्यात उभी राहिली. समोर रिकामा जिना. भर दुपारी तिथून गार हवा येत होती, झाडीतून येते तशी.

"कुसा," ती बोलली. आवाज शाळेत हजेरी घेतानाचा निघाला. "तू लाकडं तोडायचीस. नागली लावायचीस. दोन वर्षं नांदलीस. मरीने गेलीस. कड्यावरून उडीबिडी काही मारली नाहीस. ज्याने हे लिहिलं त्याला अक्कल नाही. तू माझी थोरली. आज तुझं लग्न, धाकटीचं नाही."

जिन्यावर कुणी हसलं नाही.

तिने पलंगपोसाचं एक टोक धरून दुसरं सोडलं. ते खाली पडायला हवं होतं. पडलं नाही. उचललं गेलं, सरळ झालं, आणि तिला हाताला ओढ लागली. पलीकडून कुणीतरी ताणून धरलं होतं. तिने वर पाहिलं नाही. खाली, कापडाच्या काठाखाली पाहिलं.

पलीकडे दोन पाय होते, धुळीने भरलेले, भेगा पडलेले. आणि अलीकडे, घराच्या आत, तिच्या कुशीला लागून, आणखी दोन. हळदीने माखलेले, बोटं आखडून उभे.

तेजस्विनी उठून आली, असं वाटून तिचं काळीज फाटलं. मुलीला मागे लोटायला तिने कोपर बाजूला नेलं. तेवढ्यात आतून, बंद खोलीतून, तेजस्विनीचा आवाज आला, "आई, पाणी दे गं, कडी का लावलीस?"

पूजाचं कोपर जिथे टेकलं होतं, तिथे कुणाचा तरी श्वास भरभर चालला होता. भ्यालेल्या पोरीचा चालतो तसा.

तिने ते कोपर काढलं नाही. बारा पस्तीसला तांदूळ टाकला आणि पलंगपोस सोडला.

मग जिन्यावरून पावलं उतरत गेली. पुष्कळ पावलं, सावकाश. शेवटची दोन मात्र एका पायरीवर थांबली, जरा वेळ उभी राहिली, सासरी जाणारी मुलगी मागे वळून बघते तेवढा वेळ, आणि मग तीही गेली.

तेजस्विनी पलंगावर बसली होती. अंग स्वच्छ, हातपाय स्वच्छ. भूक लागलीय म्हणाली, आणि लोणचं मागितलं.

तिकडे सभागृहात मंगलाष्टकं झाली, अंतरपाट खाली आला, आणि मागे शेखर एकटाच पुस्तक छातीशी धरून उभा होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोकांचं काय, ते कशालाही वाजवतात.

७

त्यानंतर त्या घराचे दिवस फिरले. आषाढात तेजस्विनीला स्थळ आलं, सायखेड्याचं, मुलगा समजूतदार, घर खातंपितं. पहिल्या भेटीतच मुलाची आई म्हणाली, थोरलीचं उरकलंय म्हणजे आता हिचं करायला हरकत नाही. पूजा नुसती मान हलवत राहिली. शेखरच्या तोंडातला पोह्यांचा घास तसाच राहिला.

नवसाबाई कामावर परत आली ती मार्गशीर्षात. पिशवीतून नागलीचं पीठ काढून ठेवलं आणि भांडी घासायला बसली. मग पाठमोरीच म्हणाली, "ताई, थोरलीला सातवा लागला. पाड्यावर बाया बोलत्यात. पयलं बाळतपन माहेरी करत्यात."

पूजाने नळ बंद केला. मग पदर खोचला आणि गॅलरीकडच्या खोलीत गेली. हवेशीर खोली घरात तेवढी एकच. तिने शेखरची वही-पुस्तकं टेबलावर ठेवली, आणि नवसाबाई आणि तिने मिळून टेबल उचलून गॅलरीत उन्हात नेऊन टाकलं. शेखर मागे मागे फिरत विचारत होता, की हे काय, माझं नव्या कादंबरीचं दुसरं प्रकरण चाललंय. पंख्याखाली खाट आली, बाजेखाली शेगडी आली. डिंकाचे लाडू वळून झाले. दुसऱ्या दिवसापासून खोलीचं दार आतून लागलं. पूजा ताट घेऊन आत जायची आणि चाटूनपुसून रिकामं ताट घेऊन बाहेर यायची. आत काय दिसतं, हे तिने तेजस्विनीलाही सांगितलं नाही. विचारलं तर एवढंच म्हणायची, की मान खाली घालून जेवते, लाजाळू आहे.

फाल्गुनात, भर सकाळी, त्या खोलीतून मूल रडलं. चांगलं खणखणीत, वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जावं असं. पूजाने इमारतीत बर्फी वाटली. थोरलीला मुलगी झाली, म्हणून सांगितलं. पहिल्या मजल्यावरच्यांनी बर्फी हातात घेतली आणि कोण थोरली, म्हणून एकमेकांकडे पाहिलं. दुसऱ्या मजल्यावरच्यांना जरा आठवल्यासारखं झालं. वरच्या काकूंपर्यंत ती पोहोचली, तेव्हा त्यांनी बर्फी तोंडात टाकून विचारलं, पेठकडे दिली तीच ना, सावळीशी, लहानपणी आमच्याकडेच खेळायची. खाली गोरक्ष न सांगता नवा माठ घेऊन आला.

संध्याकाळी शेखर त्या बंद दारापाशी येऊन उभा राहिला. आत कुणीतरी हलक्या आवाजात गात होतं, आणि बाळ अधूनमधून हुंकार देत होतं. बराच वेळ ऐकून झाल्यावर त्याचे डोळे भरून आले, का ते त्यालाही कळलं नाही.

"कुणावर गेलीय गं?" त्याने विचारलं.

पूजा बाळाची झबली घड्या करत होती.

"तुमच्यावर नाही," ती म्हणाली. "तेवढं नशीब काढलंय पोरीने."